घट्ट बसलेला टाका

शिबिराच्या चिटणिसांनी तो कापडी फलक सोलापूरच्या सात रस्ता चौकातल्या पेंटरच्या दुकानासमोर जमिनीवर पसरला, चार कोपऱ्यांवर चार दगड ठेवले आणि कमरेवर हात ठेवून विचारलं, "गुरुबसप्पा, हे काय करून ठेवलंय?"

गुरुबसप्पा पेंटरनं जाड भिंगांचा चष्मा नाकावर वर सरकवला आणि वाकून पाहिलं. 'मोफत नेत्रशिबिर, मंद्रूप' ही अक्षरं त्यानं दोन दिवस खपून लिहिली होती. लाल अक्षरं, काळी सावली. त्याला त्यात काही वावगं दिसेना.

"काय झालंय?"

"अहो, सगळी अक्षरं मागं रेललीत. मंद्रूपच्या बाजारात फलक लावला, तर पोरंसोरं माना वाकड्या करून वाचायला लागली. डोळ्यांच्या शिबिराचा फलक असा? लोक काय म्हणतील?"

गुरुबसप्पानं आत जाऊन सुताराचा लोखंडी गुण्या आणला. तो 'म' च्या उभ्या रेघेला लावला. काटकोन जुळेना. आडवा दांडा शिरोरेषेवर ठेवला, की उभा दांडा अक्षराच्या रेघेपासून चांगला चार बोटं लांब जात होता. त्यातली गंमत अशी, की गुरुबसप्पाला अक्षर सरळ दिसत होतं आणि गुण्या वाकडा दिसत होता. लोखंडाचा गुण्या, तीस वर्षं वापरलेला.

मग त्याच्या तोंडून निघून गेलं, "तुमच्याच शिबिरानं दिलेल्या डोळ्यानं लिवलंय हे."

"डोळा तर छान झालाय की तुमचा! तपासणीत तुम्ही शेवटून दुसऱ्या ओळीपर्यंत वाचलंत. मी स्वतः उभा होतो तिथं."

"वाचायला येतंय, साहेब. लिवायला येत न्हाय."

चिटणीस भला माणूस होता. पण त्याच्या वहीत हा डोळा यशस्वी म्हणून नोंदला गेला होता, आणि त्यापुढं त्याचं डोकं चालत नव्हतं. दगड बाजूला करून फलकाची घडी घालत तो म्हणाला, "जाऊ द्या. मडिवाळप्पाकडून दुसरा करून घेतो."

मडिवाळप्पाचं नाव ऐकलं आणि गुरुबसप्पाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. सोलापुरात पाट्या रंगवणारे बरेच होते, पण मराठी, कानडी, तेलुगू आणि उर्दू अशा चारही लिप्यांत हात बसलेला गुरुबसप्पा एकटाच. उर्दू त्याला वाचता येत नव्हती. कुणीतरी कागदावर लिहून दिलं, की तो ती नक्षी अशी उतरवायचा की वाचणाऱ्यानं मान डोलवावी. बाकीचे पेंटर आधी खडू लावलेली दोरी ताणून रेघ मारून घेत. मडिवाळप्पा तर दोनदा मारायचा. गुरुबसप्पानं उभ्या आयुष्यात दोरीला हात लावला नव्हता. खांद्यापासून हात सैल सोडायचा, श्वास धरायचा आणि दहा फुटांची शिरोरेषा एका दमात ओढायची. लोक बघायला थांबायचे.

हे सगळं त्यानं एकाच डोळ्यावर केलं होतं. वळसंगला लहानपणी देवी आल्या, त्यात डाव्या डोळ्यात फूल पडलं. त्या डोळ्याला उजेड आणि अंधार एवढंच कळायचं. उजव्यात मोतीबिंदू झाला तेव्हा तो त्रेपन्न वर्षांचा होता. अठ्ठ्याहत्तर सालच्या जानेवारीत मंद्रूपच्या शिबिरात मोतीबिंदू काढला, दीड महिन्यानं जाड चष्मा मिळाला आणि घरी हळदी-कुंकू झालं. बायको निंगव्वा म्हणाली, "देवानं डोळा परत दिला." गुरुबसप्पालाही पहिले चार दिवस तसंच वाटलं.

पाचव्या दिवशी त्यानं ब्रश हातात धरला. पहिल्या चष्म्यातून शिरोरेषा एकीच्या दोन दिसत होत्या, एक खरी आणि तिच्या खाली तिरकी, पुसट सावली. कुठल्या रेघेवर ब्रश टेकवायचा तेच कळेना.

दुकानापासून चार पावलांवर इस्माईलभाईंचं चष्म्याचं दुकान होतं. त्यांनी काचा आडव्या-उभ्या फिरवून पाहिल्या आणि सांगितलं, "अप्पा, नुस्ता जाडा नंबर देके भागता नै. तुमारेमें तिरका नंबर भी है. लई बडा, सहा का. मुंबईसे काच मँगाना पडता." काच आली. दोन रेघांची एक रेघ झाली. पण त्या काचेतून दाराची चौकट रेलली, ताट लांबट झालं आणि रस्त्यावरचे विजेचे खांब एका बाजूला झुकले. जिना उतरताना पाय चुकायला लागला. इस्माईलभाईंनी ती काच आणखी दोनदा बदलली. तिसऱ्या वेळी तेही वैतागले. "काच बरोबर है, अप्पा. डोळाच वाकडा, तो मैं क्या करू?"

त्यानंतर वर्षभर गुरुबसप्पा ज्याला त्याला आपलं गाऱ्हाणं सांगत राहिला आणि प्रत्येकाकडून एकच उत्तर ऐकत राहिला. शिबिराचे डॉक्टर पुन्हा गावात आले तेव्हा तो सकाळपासून रांगेत उभा राहिला. डॉक्टरांनी समोर बोटं धरली.

"किती?"

"तीन. पर डाक्टर..."

"झालं तर मग. पुढचा."

घरात निंगव्वा समजूत घालायची. "आवो, आंधळं हुतासा, आता दिसतंय न्हवं? मानसं चेहऱ्यानं वळकता, पेपर वाचता. आनि काय पायजे?" ती चुकीचं बोलत नव्हती, म्हणूनच त्याला जास्त राग यायचा. दिसत असलेल्या माणसानं दिसण्याची तक्रार करायची म्हणजे कृतघ्नपणा. हळूहळू लोक त्याला तोंडावर तसं म्हणायला लागले.

फलकाच्या त्या प्रकरणानंतर मात्र त्यानं ब्रश घासलेटात बुडवून ठेवले आणि रेल्वे लाइन्स भागात डॉक्टर वत्सला इंगळगी यांच्या दवाखान्यात जाऊन बसला. बाई चाळिशीच्या होत्या, मद्रासकडे शिकून आलेल्या. बोलणं कमी आणि तपासणं जास्त, अशी त्यांची ख्याती होती.

त्यांनी बोटं मोजायला लावली नाहीत. पांढऱ्या-काळ्या वर्तुळांची एक गोल तबकडी त्याच्या डोळ्यासमोर धरली आणि तबकडीच्या मधल्या भोकातून बराच वेळ पाहिलं. मग एक कागद घेऊन त्यावर पेन्सिलीनं आकृती काढली.

"अप्पा, तुम्ही पेंटर ना? हे बघा. ही वर्तुळं तुमच्या बुबुळावर उमटतात. चांगल्या डोळ्यात ती गोल दिसतात. तुमच्या डोळ्यात अशी."

कागदावर अंड्यासारखी लांबट कडी होती, तीही तिरकी कललेली. गुरुबसप्पा त्या चित्राकडे बघत राहिला. वर्षभरात पहिल्यांदा कुणीतरी त्याला दिसणारी गोष्ट कागदावर काढून दाखवली होती.

"हे असं कशानं झालं, बाई?"

"मोतीबिंदू काढायला बुबुळाच्या कडेला कापावं लागतं. मग टाके घालून ते बंद करतात. तुमच्या डोळ्यात या बाजूचा, घड्याळात साडेदहा वाजल्यावर तासकाटा असतो तिथला, टाका फार घट्ट बसला. त्यानं बुबुळ आवळलं गेलं."

गुरुबसप्पाला ते लगेच कळलं. चौकटीवर कापड ताणताना एका कोपऱ्यातला खिळा जास्त ओढून मारला, की कापडाचे धागे तिकडं खेचले जातात आणि त्यावर काढलेलं वर्तुळ लांबट होतं. असं कापड त्यानं शेकड्यांनी पाहिलं होतं.

"मग खिळा सैल करा की," तो म्हणाला.

"टाका आता नाहीच आहे. तो शिबिरवाल्यांनी काढला. पण उशिरा काढला, आणि तोवर जखम तशीच आवळलेली भरून आली."

"उशिरा म्हंजे?"

"दोन महिन्यांच्या आत कुणी नीट पाहून तेवढा एक टाका तोडला असता, तर बरंचसं सुधारलं असतं. कदाचित."

गुरुबसप्पा खुर्चीतून उठलाच. "म्हंजे एक कातर लावायची हुती? एवढंच? आनि मी वरीसभर बोटं मोजत बसलो?"

बाईंनी नव्या काचेचा नंबर लिहून दिला, थोडा कमी करून, म्हणजे खांब कमी झुकतील. रेघेची सावली मात्र थोडी परत येईल, असंही सांगितलं. दोन्हीतलं काय सोसवतं ते बघा, म्हणाल्या.

दोन्ही सोसवत नव्हतं. दोन महिने त्यानं ती काच वापरली. एका किराणा दुकानाची पाटी रंगवायला घेतली आणि अर्ध्यावर पुसून टाकली. मालक तोंडावर काही बोलला नाही, पण आठ दिवसांनी तिथं मडिवाळप्पाच्या हातची पाटी लागली. येता-जाता ती दिसायची. आणि तीही गुरुबसप्पाला वाकडीच दिसायची, त्यामुळं शिव्या घालायचीसुद्धा सोय नव्हती.

एकोणऐंशीच्या पावसाळ्यात तो पुन्हा बाईंच्या दवाखान्यात गेला. त्याच्या आधी एक तिशीतला माणूस आत बसला होता. दाराला नुसता पडदा होता, त्यामुळं बोलणं बाहेर स्पष्ट ऐकू येत होतं. तो बँकेत कारकून होता आणि हौशी नाटकांत नायकाची कामं करायचा. चष्मा लावून रंगमंचावर जाता येत नाही, काढला तर समोरच्या नटीऐवजी खांबाला मिठी मारायची वेळ येते, असं तो सांगत होता. त्यानं वर्तमानपत्रातलं एक कात्रण आणलं होतं. रशियात म्हणे डोळ्याच्या बुबुळावर सूर्याच्या किरणांसारखे बारीक काप घेतात आणि चष्मा कायमचा जातो.

"माझ्या डोळ्यावर तेवढं करा, डॉक्टर."

"तुमचा डोळा ठणठणीत आहे," बाईंचा आवाज आला. "चष्म्यानं तुम्हाला पूर्ण दिसतं. मी चांगल्या डोळ्यावर सुरी चालवणार नाही. जपानात पंचवीस-तीस वर्षांपूर्वी असेच काप घेतले होते. सुरुवातीला सगळे खूश होते. पुढं त्यातल्या पुष्कळांची बुबुळं पांढरी पडायला लागली. रशियातली पद्धत वेगळी आहे म्हणतात. दहा-पंधरा वर्षं जाऊ देत, मग बघू."

कारकून हिरमुसून बाहेर पडला. गुरुबसप्पा आत गेला तो खुर्चीवर न बसताच बोलायला लागला.

"बाई, त्याचा डोळा चांगला हाय, त्याला कापून पायजे. तुमी न्हाय म्हणालात, बरोबर हाय. पर माझा डोळा तर कापूनच बिघाडलाय की. कापानं नंबर जातोय, तर माझा घालवा. मला चष्मा ऱ्हाऊ दे, जाड ऱ्हाऊ दे. फकस्त तिरकं काढा."

बाईंनी हातातलं पेन खाली ठेवलं. "बसा, अप्पा."

त्यांनी टेबलाच्या खणातून इंग्रजी मासिकाचा एक अंक काढला. त्यात खुणेचा कागद होता, म्हणजे हा विचार त्यांच्या डोक्यात आजचा नव्हता. अमेरिकेत काही सर्जन अशा आवळलेल्या बुबुळावर, नेमका जिथं ताण आहे तिथं, वरवरचा काप घेऊन ताण सैल करत होते. बुबुळ बदललेल्या पेशंटांवर त्यांनी ते केलं होतं. मोतीबिंदूनंतरही काही ठिकाणी केलं होतं.

"आजवर आम्ही सुरी घेतली ती डोळ्याच्या आत जायला. आत जायचं, मोतीबिंदू काढायचा, बाहेर यायचं. बाहेरून नुसता आकार सुधारायला कापायचं, हे नवीन आहे. मी स्वतः कधी केलेलं नाही."

"मग माझ्यावर करा."

"तुम्हाला एकच डोळा आहे."

"व्हय. त्योच बिघाडलाय."

"काप जास्त खोल गेला, पू झाला, तर आज दिसतं तेवढंही जाईल. मग रेघ तिरकी आहे की सरळ, हा प्रश्नच उरणार नाही."

गुरुबसप्पानं टेबलावर हात आपटला. "समदे मला हेच सांगतात. हाय ते धरून बस. तुमाला ठाव न्हाय बाई, मला रोज काय दिसतं ते. माझ्या घराचं दार रोज पडतंय. बायकोचं तोंड लांबडं दिसतंय. माझा हात बरोबर जातोय का चुकतोय, हे मला दुसऱ्याला इचारावं लागतंय. मला!"

बाईंनी महिनाभर घेतला. मद्रासला आपल्या गुरूंना पत्र लिहिलं. उत्तर आलं: करण्यासारखं आहे, पण हात आखडता घ्या. मग त्यांनी निंगव्वाला बोलावून घेतलं आणि सगळे धोके कानडीत समजावून सांगितले. निंगव्वानं नवऱ्याकडं बघितलं आणि म्हणाली, "ब्याड री, नको हो." गुरुबसप्पानं तरी कागदावर सही केली. निंगव्वा दोन दिवस त्याच्याशी बोलली नाही.

ऑपरेशनच्या टेबलावर तो जागा होता. डोळ्याच्या बाजूला सुई टोचली तेवढंच दुखलं. बाईंनी कपाळाला भिंगाची पट्टी बांधली होती. परदेशी हत्यारं त्यांच्याकडं नव्हती. दाढीच्या नव्या ब्लेडचा तुकडा मोडून, स्पिरिटमध्ये ठेवून, तो एका बारीक चिमट्यात धरला होता. त्यांचा श्वास त्याला ऐकू येत होता. मध्येच तो बंद झाला, आणि गुरुबसप्पाला कळलं की आता ब्लेड टेकलंय. लांब रेघ ओढताना तोही असाच श्वास धरायचा.

"झालं?"

"बोलू नका."

जुन्या जखमेच्या खुणेवर त्यांनी एक कमान कापली. बस. दहा मिनिटांत पट्टी बांधली.

पाच दिवस त्याला काहीच दिसलं नाही. निंगव्वा भरवायची तेव्हा तो घास चुकवायचा. डाव्या डोळ्याला खिडकीचा उजेड कळायचा, तेवढाच. सहाव्या दिवशी पट्टी निघाली तेव्हा सगळं धूसर होतं. बाई म्हणाल्या, थांबा. पंधरा दिवसांनी गेला तरी थांबा. दीड महिन्यानं त्यांनी ती वर्तुळांची तबकडी पुन्हा धरली, मोजमाप केलं आणि पहिल्यांदाच हसल्या.

"सहाचा तिरका नंबर अडीचवर आलाय."

इस्माईलभाईंनी नवी काच बसवली. गुरुबसप्पा दुकानाबाहेर आला आणि समोरचा विजेचा खांब सरळ उभा दिसला. आपल्या दुकानात येऊन त्यानं गुण्या काढून एका जुन्या पाटीच्या शिरोरेषेला लावला. एखाद्या केसाएवढा फरक वाटत होता. त्या आठवड्यात त्यानं एका औषधाच्या दुकानाची पाटी रंगवली आणि निंगव्वानं जेवणात गव्हाची गोड हुग्गी केली.

हे सुख तीन महिने टिकलं. मग रेघेला पुन्हा किंचित कड दिसू लागली. बारीक अक्षरं, म्हणजे पाटीच्या तळाशी पत्ता आणि टेलिफोन नंबर लिहिताना, ब्रशचं टोक आणि त्याची सावली वेगळी व्हायला लागली. तो धावतच दवाखान्यात गेला.

"साडेतीन," बाई म्हणाल्या. "जखम भरताना थोडी परत ओढली गेली. असं होईल हे मी सांगितलं होतं."

"मग परत कापा."

"नाही."

"एकदा जमलं की तुमाला!"

"जमलं, म्हणूनच नाही. पहिल्यांदा किती खोल जायचं ते अंदाजानं केलं. त्याच जागी दुसऱ्यांदा तो अंदाज चालत नाही. बुबुळ तिथं पातळ झालंय. सहाचे साडेतीन झाले, अप्पा. यापुढं मी सुरी घेणार नाही."

"दुसरं कोन करंल?"

"मुंबईतसुद्धा आज कुणी करेल असं वाटत नाही. आणखी काही वर्षांनी यंत्रं येतील, मोजून कापता येईल."

"मी काय तवर बसून ऱ्हाऊ?"

बाईंचा चेहराही पडला होता. तो मात्र त्यावेळी त्याला दिसला नाही, कारण तो तोंड फिरवून बाहेर पडला होता. आधीच्या डॉक्टरांवर रागवता तरी येत होतं. या बाईंवर रागवायला काही जागाच नव्हती, आणि राग तर मावत नव्हता. तो दवाखान्याच्या पायरीवर बसला, उठला, पुन्हा बसला. त्याच्या मागोमाग आलेली निंगव्वा शेजारी उभी राहिली.

त्या दिवशी घरी न जाता तो थेट मडिवाळप्पाच्या दुकानात गेला. मडिवाळप्पा खडूची दोरी गुंडाळत होता. वीस वर्षांत पहिल्यांदाच गुरुबसप्पानं त्या दुकानाचा उंबरा ओलांडला होता.

"ऐक," तो उभ्या उभ्याच म्हणाला. "मोठी अक्षरं मी करनार. चारी भाषांची. वीतभर आनि त्याच्या वरची. खालची बारकी तू कर. पत्ता, नंबर, काय आसंल ते."

मडिवाळप्पा त्याच्याकडं बघतच राहिला. "आनि नाव कुनाचं घालायचं?"

पाटी रंगवणारा पाटीच्या उजव्या कोपऱ्यात, तळाशी, बोटाच्या पेराएवढ्या अक्षरांत आपलं नाव घालतो. सोलापूरभर शेकडो पाट्यांवर 'गुरु पेंटर' असं लिहिलेलं होतं. आपलं नावही त्या बारक्या अक्षरांतच येतं, हे गुरुबसप्पाच्या लक्षातच आलं नव्हतं.

"माझंच," तो म्हणाला.

"घालू की. लिवनार कोन? बारकं हाय ते."

मडिवाळप्पानं दोरी खुंटीला अडकवली, एक बारीक ब्रश पुसला आणि जुना पत्रा समोर ओढला.

"कसं लिवता तुमी? 'रु' ला शेपूट लांब काढता न्हवं?"

"तेवढं लांब न्हाय," गुरुबसप्पा त्रासून म्हणाला आणि त्याच्या शेजारी स्टूल ओढून बसला. "हळू. हळू लिव. आधी उभी रेघ काढ."